ओळख वाढली की माणूस सुंदर का दिसू लागतो?

केरळच्या तत्कालीन मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी मार्च 2025 मध्ये फेसबुकवर एक पोस्ट लिहिली आणि देशभर तिची बातमी झाली. त्यांच्याआधी या पदावर त्यांचेच पती व्ही. वेणू होते. दोघांच्या कारकिर्दीची तुलना करताना कुणीतरी शेरा मारला होता, की नवऱ्याची कारकीर्द जितकी गोरी तितकीच हिची काळी. राज्याच्या प्रशासनातलं सर्वांत वरचं पद सांभाळणाऱ्या बाईंचं काम कातडीच्या रंगावर मोजलं गेलं होतं.

पोस्टमध्ये त्यांनी लहानपणचीही एक आठवण सांगितली. चार वर्षांच्या असताना त्यांनी आईला विचारलं होतं, मला परत पोटात घालून गोरी आणि सुंदर करून बाहेर काढता येईल का? आपला रंग पुरेसा चांगला नाही, ही समजूत त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं उरावर वागवली. त्यातून त्यांना सोडवलं त्यांच्या मुलांनी. त्यांना स्वतःला जिथे सौंदर्य जाणवत नव्हतं, तिथे मुलांना ते सापडत राहिलं.

रंगभेदावर तेव्हा बरीच चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. माझं मन मात्र त्या मुलांपाशी अडकलं. आईला बरं वाटावं म्हणून मुलं तसं बोलत होती, की त्यांच्या डोळ्यांना खरोखरच निराळं दिसत होतं? 'खरं सौंदर्य मनाचं' हे शाळेच्या फळ्यावर वाचत आपण मोठे झालो, आणि लग्न ठरवताना आधी फोटोच मागत आलो. त्या सुविचारावर आपला मनापासून विश्वास नाही, हे उघड आहे. मानसशास्त्रज्ञांनी मात्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत हा प्रश्न प्रयोग करून तपासलाय. त्यातून हाती आलेलं उत्तर सुविचारापेक्षा बरंच ठोस आहे: माणूस कसा वागतो यावर तो आपल्याला दिसतो कसा, हेही ठरतं.

पहिल्या नजरेत काय होतं?

अनोळखी चेहरा समोर आला की मेंदू थांबत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव यांनी 2006 मध्ये दाखवून दिलं, की चेहरा सेकंदाचा जेमतेम दहावा भाग दिसला तरी लोक तो आकर्षक आहे का, विश्वासू वाटतो का, यावर मत बनवून मोकळे होतात. बघायला आणखी वेळ दिला तर मत फारसं हलत नाही, त्याबद्दलची खात्री तेवढी वाढते.

या पहिल्या मतात अनोळखी लोकांचं आपसात बऱ्यापैकी जमतं. दोन्ही बाजू सारख्या असलेला, कुठेही टोकाचं काही नसलेला चेहरा बहुतेकांना आवडतो. पण गुण द्यायला सांगितले की दिसतं, त्यातला साधारण निम्मा भागच सगळ्यांच्या सामायिक आवडीचा असतो. उरलेली आवड ज्याची त्याची. ही ज्याची त्याची आवड कुठून येते? 2015 मध्ये जुळ्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकसारख्या जुळ्यांच्या 547 आणि एकाच लिंगाच्या पण एकसारख्या नसलेल्या जुळ्यांच्या 214 जोड्या होत्या. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी, बहुतेकांचं लहानपणही एकाच घरातलं. तरी कोणता चेहरा सुंदर यावर त्यांची मतं बरीच वेगळी निघाली. ज्याच्या वाट्याला जी माणसं आणि जे अनुभव येतात, त्यांतून ही आवड घडते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

पहिल्या नजरेतून पुढे एक घोटाळा होतो. त्याला 'हेलो इफेक्ट' म्हणतात, आपण प्रभावळ म्हणू. माणसातली एक गोष्ट आवडली की तिचा उजेड त्याच्या बाकीच्या सगळ्या गोष्टींवर पडतो. अमेरिकेच्या सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांना कसे गुण देतात हे बघताना एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या ते लक्षात आलं, आणि 1920 मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. पुढे 1972 मध्ये कॅरन डायन, एलन बर्शाइड आणि इलेन वॉल्स्टर यांनी विद्यार्थ्यांना नुसते फोटो दाखवले. देखण्या माणसांचा स्वभाव चांगला असणार, नोकरी चांगली असणार, संसारही सुखाचा असणार, असं विद्यार्थ्यांनी फोटोवरूनच ठरवून टाकलं.

उजेड उलट दिशेनेही पडतो

इथवरचं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. याची उलट बाजू मात्र फार कमी सांगितली जाते.

मिशिगन विद्यापीठात रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी 1977 मध्ये एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. इंग्रजी बोलण्यात परक्या भाषेची छटा असलेला एक प्राध्यापक. त्याच्या मुलाखतीच्या दोन चित्रफिती केल्या. पहिल्या फितीत तो विद्यार्थ्यांबद्दल आपुलकीनं बोलतो, दुसऱ्या फितीत तुटक आणि करडेपणानं. माणूस तोच, चेहरा तोच, उच्चारही तेच. विद्यार्थ्यांच्या एका गटाला पहिली फीत दाखवली, दुसऱ्या गटाला दुसरी. मग विचारलं, हा माणूस दिसायला कसा वाटला? त्याच्या लकबी? त्याचे उच्चार?

आपुलकीची फीत पाहिलेल्या बहुतेकांना त्याचं दिसणं आवडलं, लकबी आवडल्या, उच्चार गोड वाटले. तुटक बोलणारा प्राध्यापक पाहिलेल्यांना त्याच चेहऱ्याचा, त्याच लकबींचा, त्याच उच्चारांचा त्रास झाला. त्यापुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुम्हाला तो आवडला नाही म्हणून त्याचं दिसणंही आवडलं नाही का, असं विचारल्यावर दुसऱ्या गटानं नाही म्हणून सांगितलं. त्यांना उलटंच वाटत होतं: त्याचं दिसणं आणि बोलण्याची ढब खटकली, म्हणून माणूस आवडला नाही. स्वभाव चेहऱ्यावर उतरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आपण समजतो, हा चेहरा मुळातच असा आहे.

नाव वल्हवणारे आणि माती खणणारे

हा परिणाम प्रयोगशाळेबाहेर टिकतो का? न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातले केव्हिन निफिन आणि डेव्हिड स्लोन विल्सन यांनी 2004 मध्ये तीन अभ्यास एकत्र प्रसिद्ध केले. ते खऱ्या ओळखीपाळखीच्या माणसांवर केलेले होते.

एका अभ्यासात विद्यापीठाच्या नौकानयन संघातल्या खेळाडूंनी एकमेकांच्या दिसण्याला गुण दिले. या खेळात सगळ्यांनी एका लयीत वल्हं ओढावं लागतं. एकानं अंग चोरलं की त्याचा भार बाकीच्यांच्या खांद्यांवर येतो. संघात असा एक कामचुकार होता, आणि ऑलिंपिकच्या तोडीची मेहनत घेणारा दुसरा एक. संघातल्यांच्या लेखी कामचुकार दिसायला वाईट होता आणि मेहनती खेळाडू देखणा. संघाशी काही संबंध नसलेल्या लोकांना दोघांचे फोटो दाखवले तेव्हा त्यांना असा फरक दिसला नाही.

दुसऱ्या अभ्यासात पुरातत्त्व शिकणारी मुलं उन्हाळ्यात सहा आठवडे उत्खननाच्या जागी एकत्र राबत होती. पहिल्या दिवशी त्यांनी एकमेकांच्या रूपाला गुण दिले, शिबिर संपताना पुन्हा दिले. पहिल्या दिवशी सरासरीच्या खाली गुण मिळालेली एक मुलगी शेवटी सरासरीच्या बरीच वर गेली. ती कष्टाळू होती आणि सगळ्यांना हवीहवीशी झाली होती. सहा आठवड्यांत तिचं नाक-डोळे बदलले नव्हते. आणि प्रश्नही तिच्या स्वभावाबद्दल विचारलेला नव्हता, दिसण्याबद्दलच होता.

ज्याला देवनागरी येत नाही त्याला 'आई' या अक्षरांत काही रेघा आणि वळणं दिसतात. आपल्याला प्रयत्न करूनही नुसत्या रेघा दिसत नाहीत, बघताक्षणी शब्द वाचला जातो. ओळखीच्या चेहऱ्याचं तसंच होतं. त्या माणसाबद्दल जे माहीत आहे ते बाजूला काढून निव्वळ आकार बघणं डोळ्यांना जमत नाही. शारदा मुरलीधरन यांची मुलं बहुधा असंच बघत होती.

मग नेमकं दिसतं तरी काय?

एका नातेवाइकाच्या सोबतीला मी रुग्णालयाच्या वॉर्डात बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाबांना सलाईन लावायचं होतं आणि शीर सापडत नव्हती. दोनदा टोचून झालेलं, हात निळसर पडलेला, बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलेलं. पाळी बदलली आणि दुसऱ्या सिस्टर आल्या. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, आणि सुई न काढता आधी बाबांचा गार पडलेला तळवा आपल्या दोन्ही हातांत धरून चोळायला लागल्या. "गाव कुठलं, बाबा?" "मोहोळ." "यंदा काय केलंय रानात?" "तूर." "मग काढणीला कोण आहे आता?" बाबा वळले. धाकट्या मुलाबद्दल, भाड्याच्या मळणीयंत्राबद्दल सांगायला लागले. सिस्टरांची नजर मनगटावर होती, कपाळाला एक बारीक आठी, पण मान प्रत्येक उत्तराला हलत होती. सुई कधी गेली ते बाबांना कळलंच नाही. त्या हसल्या तेव्हा आधी डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या.

त्या बाई फोटोत साध्याच दिसल्या असत्या. त्या दुपारी वॉर्डात त्यांच्याइतकं सुंदर कुणी नव्हतं, आणि हे मी उपमा म्हणून लिहीत नाही.

यातल्या तीन गोष्टींचा अभ्यास झालेला आहे. पहिली, हसू. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी 1862 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू मनात येईल तेव्हा हलवता येतो. डोळ्याभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदात आपसूक आवळतो, मुद्दाम आवळणं बहुतेकांना अवघड जातं. म्हणून मनापासून हसणं आपण डोळ्यांत शोधतो.

दुसरी, प्रश्न. 2017 मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांनी संभाषणं तपासली. समोरच्याचं उत्तर ऐकून त्यातूनच पुढचा प्रश्न विचारणारी माणसं जास्त आवडतात, असं त्यांना दिसलं. 'गाव कुठलं' हे कुणीही विचारतं. 'काढणीला कोण आहे' हे विचारायला तूर हे उत्तर ऐकलेलं असावं लागतं.

तिसरी, हालचाल. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये चेहऱ्यांचे छोटे व्हिडिओ आणि त्याच व्हिडिओंमधून काढलेली स्थिर चित्रं लोकांना दाखवली. व्हिडिओतले चेहरे जास्त चांगले वाटले. फोटो चेहऱ्याचा एक क्षण गोठवतो. आपण माणसाला तसं कधी बघतच नाही.

स्वतःचा फोटो आवडत नाही अशी तक्रार असणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगून टाकते. आपण स्वतःला जन्मभर आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं पाहतो. 1977 च्या एका प्रयोगात बायकांना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक खरा आणि एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांना स्वतःला उलटा फोटो जास्त पसंत पडला, त्यांच्या जवळच्या माणसांना खरा. जो चेहरा ज्याच्या सवयीचा, तो त्याला बरा वाटला. फोटोतली तुम्ही तुम्हाला परकी वाटता, तुमच्या माणसांना नाही.

ही मनाची समजूत कशावरून नाही?

लोक चांगल्या माणसाला 'सुंदर' म्हणतात ते भिडेखातर, अशी शंका येणं साहजिक आहे. मग शब्द सोडून वागणं बघू. लुसी हंट, पॉल ईस्टविक आणि ईली फिंकेल यांनी 2015 मध्ये 167 जोडप्यांचा अभ्यास केला. जोडप्यातल्या प्रत्येकाच्या रूपाला तिऱ्हाइतांनी गुण दिले. भेटल्यावर लगेच जुळलेल्या जोडप्यांत दोघांचे गुण साधारण सारखे होते: देखण्याला देखणी, साध्याला साधी. आधी दीर्घकाळ ओळख किंवा मैत्री असलेल्यांमध्ये मात्र हे साम्य बरंच कमी होतं. जगाच्या नजरेत जोडा जमत नाही अशी ही जोडपी होती, आणि नात्याबद्दल ती इतरांपेक्षा कमी समाधानी नव्हती. भिडेखातर माणूस चार शब्द बोलेल, जोडीदार निवडणार नाही.

म्हणजे रूपाला काही मोल नाही?

आहे, आणि ते नाकारणं हा ज्यांना त्याचा फटका बसतो त्यांच्यावर अन्यायच होईल. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अर्थतज्ज्ञांनी 1994 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या आकडेवारीवरून दाखवलं, की दिसायला साध्या मानल्या गेलेल्यांना सर्वसाधारण दिसणाऱ्यांपेक्षा 5 ते 10 टक्के कमी पगार मिळतो. आपल्याकडे यात रंगाची भर पडते, आणि ती जिवावर बेतू शकते. केरळच्याच मलप्पुरम जिल्ह्यात 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा त्यांतले बरेच जण गोरं करणारी क्रीम लावत असल्याचं कळलं. अशा क्रीममधला पारा त्वचेतून शरीरात उतरतो आणि मूत्रपिंडाला इजा करतो.

पहिल्या नजरेचा निवाडा खरा असतो आणि त्याचे परिणामही खरे असतात. माझं म्हणणं इतकंच, की तो निवाडा अपुऱ्या माहितीवर झालेला असतो. माहिती वाढली की बघणाऱ्याचे डोळे स्वतःच तो फिरवतात.

गोड बोलून फसवणाऱ्यांचं काय?

ते असतात, आणि सुरुवातीला उजेड त्यांच्यावरही पडतो. प्राध्यापकाची फीत पाहिलेल्या मुलांना काही मिनिटांचंच वागणं दिसलं होतं. काही मिनिटं आपुलकी दाखवणं कुणालाही जमेल. नावेतल्या कामचुकाराला मात्र लपता आलं नाही, कारण रोजचं वल्हं सगळ्यांच्या हातांना कळत होतं. त्यामुळे माणूस आपल्याशी कसा वागतो याइतकंच, ज्याच्याकडून त्याला काही मिळायचं नाही त्याच्याशी तो कसा वागतो, याकडे लक्ष द्यावं. हॉटेलातल्या पोऱ्याशी, सोसायटीच्या वॉचमनशी, घरातल्या आजारी म्हातारीशी.

मग साधं दिसणाऱ्यांनीच जास्त चांगलं वागायचं?

हा आक्षेप सगळ्यांत जड आहे. सावळ्या मुलीला लहानपणापासून सांगितलं जातं, रंग नाही तर निदान स्वयंपाक शीक, अभ्यासात पहिली ये, स्वभाव गोड ठेव. गुण तिच्यावर दंडासारखे लादले जातात. या लेखातून कुणी तोच अर्थ काढला तर मला फार वाईट वाटेल.

गुणांनी रूपाची भरपाई होते असं या अभ्यासांतून निघत नाही. भरपाई म्हटलं की काहीतरी उणं होतं हे आधीच मान्य केलेलं असतं. ओळख झाल्यावर उणेपणाच दिसेनासा होतो, असं त्यांतून निघतं. शिवाय हा परिणाम देखण्यांनाही चुकत नाही. वाईट वागणारा देखणा माणूस सोबतच्यांना हळूहळू कुरूप दिसू लागतो. आणि बदल बघणाऱ्याच्या डोळ्यांत होत असल्यानं जबाबदारीही त्याच्यावर येते. समोरच्याला ओळखायला त्यानं वेळ दिलाय का, हा प्रश्न त्याला विचारायला हवा. मुलीला स्वभाव गोड ठेवायला सांगण्याआधी पाहुण्यांना दुसऱ्यांदा यायला सांगावं.

तेवढी ओळख होईपर्यंत थांबतं कोण?

पाहुण्यांचा विषय निघालाच आहे तर कांदेपोह्यांचा कार्यक्रम बघू. आठ-दहा माणसं, मुलगी ट्रे घेऊन येते, सगळ्यांच्या नजरा एकदम तिच्याकडे वळतात, खाली बसेपर्यंत मतं झालेली असतात. मग 'तुम्हा दोघांना बोलायचं असेल तर गॅलरीत बोला.' पंधरा मिनिटं. दोघंही इतकी अवघडलेली असतात की हसू ओठांच्या वर सरकत नाही, आणि प्रश्न पाठ करून आणलेले. माणसाला सुंदर करणाऱ्या ज्या गोष्टी वर आल्या, त्यांतली एकही या पंधरा मिनिटांत दिसण्याची सोय नाही. दिसतो तो जवळजवळ फोटोच.

थांबायला वर्षं लागतात असंही नाही. 1992 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी दिसायला साधारण सारख्या चार तरुणींना एका वर्गात पाठवलं. सत्रभरात एक कधीच गेली नाही, दुसरी 5 वेळा, तिसरी 10 वेळा आणि चौथी 15 वेळा गेली. कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, फक्त येऊन बसायचं. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली तिला आकर्षकतेचे गुणही जास्त. नुसतं दिसत राहण्यानं एवढं होतं. संघात वल्हं ओढण्यानं किंवा उत्खननात माती उपसण्यानं किती होईल!

त्यामुळे स्थळ बघताना पहिल्या भेटीत नकार किंवा होकार न देता तीन भेटी ठरवून घ्याव्यात, आणि त्यांतली एक तरी काहीतरी काम करतानाची असावी: बाजार करणं, एखाद्या नातेवाइकाला दवाखान्यात नेणं, प्रवास. नोकरीच्या अर्जांवरून पहिली निवड करताना फोटो झाकून ठेवता येतो. जून 2020 मध्ये एका मोठ्या विवाह संकेतस्थळानं लोकांच्या तक्रारीनंतर त्वचेच्या रंगानुसार स्थळं चाळण्याची सोय काढून टाकली. आपल्या बायोडेटाच्या तयार नमुन्यांत मात्र 'वर्ण' हा रकाना अजून सापडतो. तो खोडायला कुणाची परवानगी लागत नाही.